राखीव खेळाडू : तारीख न कळवता होणारी परीक्षा

कसोटी संघाची घोषणा होते तेव्हा पंधरा-सोळा नावे वाचली जातात. सामन्याच्या सकाळी त्यांतील अकरा मैदानात उतरतात आणि बाकीचे चार-पाच तंबूत राहतात. त्यांची नावे धावफलकावर नसतात आणि सरासरीच्या कोष्टकातही त्यांच्या त्या दिवसांची नोंद होत नाही. तरीही संघाचे भवितव्य एखाद्या दिवशी याच चार-पाच जणांच्या हाती येते. राखीव खेळाडूची कारकीर्द नेमकी कशी असते, त्याच्याकडून काय अपेक्षित असते आणि बदल्यात त्याला काय मिळते, हे समजून घ्यायचे तर संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्द येथे ६ जून १९८८ रोजी जन्मलेल्या अजिंक्य रहाणे याच्या वाटचालीइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात जन्मलेला आणि डोंबिवलीत वाढलेला हा फलंदाज कसोटीत बारा शतके करून गेला. परंतु त्याच्या कारकिर्दीतील बहुतेक महत्त्वाची वळणे ‘दुसऱ्याच्या जागी’ आली.

अमेरिकेतील ‘दुसरा क्रमांक’

राखीव खेळाडू हा स्वतंत्र पेशा म्हणून सर्वांत ठळकपणे दिसतो तो अमेरिकन फुटबॉलमध्ये. या खेळात आक्रमण करणाऱ्या संघाची जवळजवळ प्रत्येक चाल क्वार्टरबॅक या एका खेळाडूच्या हातून सुरू होते. चेंडू कोणाकडे फेकायचा, केव्हा फेकायचा, की स्वतःच घेऊन धावायचे, याचा निर्णय त्याला दोन-तीन सेकंदांत घ्यावा लागतो. ही जागा एकच असते. त्यामुळे दुसऱ्या क्रमांकाच्या क्वार्टरबॅकला पहिला जायबंदी होईपर्यंत किंवा पूर्ण अपयशी ठरेपर्यंत बाकावर बसावे लागते. सरावाचा मोठा वाटा पहिल्याला मिळतो. दुसरा अनेकदा आगामी प्रतिस्पर्ध्याच्या क्वार्टरबॅकची नक्कल करून आपल्याच बचावफळीला सराव देतो. मात्र सारे डावपेच त्याला पहिल्याइतकेच पाठ असावे लागतात.

१९७२ च्या हंगामात मायामी डॉल्फिन्सचा बॉब ग्रीसी पाचव्या सामन्यात पायाला दुखापत होऊन बाहेर पडला. त्याच्या जागी अडतीस वर्षांचा अर्ल मोरॉल आला आणि संघ जिंकतच राहिला. तो हंगाम डॉल्फिन्सने सर्वच्या सर्व सतरा सामने जिंकून संपविला. परंतु अखेरच्या सुपर बोल सामन्याची सुरुवात बरा होऊन परतलेल्या ग्रीसीने केली. मोरॉल पुन्हा बाकावर गेला. फेब्रुवारी २०१८ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सच्या निक फोल्सने जायबंदी कार्सन वेंट्झच्या जागी खेळून न्यू इंग्लंड पेट्रियट्सवर ४१-३३ असा विजय मिळवून दिला. सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. पुढच्या हंगामात वेंट्झ बरा होताच जागा त्याला परत मिळाली.

याला अपवाद टॉम ब्रॅडीचा. २००० साली खेळाडूंच्या वाटपात १९९ व्या क्रमांकावर निवडला गेलेला ब्रॅडी २००१ मध्ये जखमी ड्रू ब्लेडसोच्या जागी उतरला आणि ती जागा त्याने पुन्हा सोडली नाही. प्रत्येक राखीव खेळाडूला ब्रॅडीची गोष्ट सांगितली जाते. प्रत्यक्षात बहुतेकांच्या वाट्याला मोरॉलची गोष्ट येते.

क्रिकेटमधील नियम आणि मानधन

क्रिकेटमध्ये राखीव खेळाडूवर आणखी एक बंधन आहे. सामना सुरू झाल्यावर जखमी खेळाडूच्या जागी आलेला बदली खेळाडू फक्त क्षेत्ररक्षण करू शकतो. त्याला फलंदाजी किंवा गोलंदाजी करता येत नाही. पंचांच्या संमतीने यष्टिरक्षण करण्याची मुभाही ऑक्टोबर २०१७ च्या नियमावलीने दिली. ऑगस्ट २०१९ पासून मात्र डोक्याला मार लागून खेळाडूला बाहेर जावे लागल्यास त्याच्या जागी पूर्ण अधिकार असलेला बदली खेळाडू घेता येतो. त्याच महिन्यात लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथऐवजी उतरलेला मार्नस लबुशेन हा कसोटीतील असा पहिला बदली खेळाडू. त्याने ५९ धावा केल्या आणि पुढे ऑस्ट्रेलियाच्या फलंदाजीचा तो आधारस्तंभ झाला.

मानधनाच्या बाबतीत हिशेब सरळ आहे : निम्मे. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर केलेल्या दरांनुसार चाळीसहून अधिक सामने खेळलेल्या रणजीपटूला दिवसाला ६० हजार रुपये, तर राखीव खेळाडूला ३० हजार रुपये ठरले. मार्च २०२४ मध्ये जाहीर झालेल्या कसोटी प्रोत्साहन योजनेतही अंतिम अकरांत नसलेल्यासाठी निम्मी रक्कम ठेवण्यात आली. पैशांत मोजता न येणारे नुकसान वेगळे असते. संघाबरोबर फिरणाऱ्या राखीव फलंदाजाचे देशांतर्गत सामने हुकतात, पण सामन्याचा सराव त्याला मिळत नाही. नेटमध्ये कितीही चेंडू खेळले तरी बाद झाल्यावर तंबूत परतावे लागत नाही, आणि त्यामुळे खऱ्या डावाचा ताण तेथे कधीच उभा राहत नाही.

सोळा महिन्यांची प्रतीक्षा

रहाणेने २००८-०९ च्या रणजी हंगामात १०८९ धावा करून मुंबईच्या विजेतेपदात मोठा वाटा उचलला. २०११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याचे एकदिवसीय आणि ट्वेन्टी-२० पदार्पण झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वेस्ट इंडिजविरुद्धच्या कसोटी संघात त्याचे नाव आले. पण प्रत्यक्ष पदार्पणाला मार्च २०१३ उजाडला. मधल्या सोळा महिन्यांत द्रविड व लक्ष्मण निवृत्त झाले, रवींद्र जडेजा आणि शिखर धवन यांचे पदार्पण झाले. रहाणे संघाबरोबर राहूनही बाहेरच होता.

संधी आली तीही दुसऱ्याच्या दुखापतीमुळे. मोहालीत पदार्पणातच १८७ धावा करणाऱ्या धवनच्या हाताला इजा झाली आणि २२ मार्च २०१३ रोजी दिल्लीच्या फिरोजशहा कोटला मैदानावर रहाणे उतरला. त्याने केल्या ७ आणि १. सोळा महिन्यांच्या प्रतीक्षेचा निकाल आठ धावांत लागला. नोव्हेंबरमध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध रोहित शर्माने पदार्पणाच्या दोन कसोटींत दोन शतके केली, तेव्हा रहाणे पुन्हा तंबूतच होता.

राखीव खेळाडूची खरी अडचण येथे स्पष्ट होते. नियमित खेळाडूचे मूल्यमापन हंगामावर होते, राखीव खेळाडूचे एका सामन्यावर. नियमित खेळाडू दोनदा अपयशी ठरला तर ‘सूर हरपला’ असे म्हटले जाते. राखीव खेळाडू ठरला तर ‘संधीचे सोने करता आले नाही’ असे. रहाणेला दुसरी संधी मिळाली हे त्याचे भाग्य. सचिन तेंडुलकरच्या निवृत्तीनंतर मधल्या फळीत जागा झाली आणि डिसेंबर २०१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत, दरबान येथे त्याने नाबाद ५१ आणि ९६ धावा केल्या. फेब्रुवारी २०१४ मध्ये वेलिंग्टनला ११८, जुलैमध्ये लॉर्ड्सच्या हिरव्या खेळपट्टीवर १०३ आणि डिसेंबरमध्ये मेलबर्नला १४७ अशी शतके त्याने ठोकली. राखीव खेळाडू आता आधार झाला होता.

हंगामी कर्णधार

पण ‘दुसरा क्रमांक’ त्याला निराळ्या रूपाने चिकटून राहिला. मार्च २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धची मालिका १-१ अशी बरोबरीत असताना विराट कोहलीचा खांदा दुखावला आणि धरमशाला येथील निर्णायक कसोटीत नेतृत्व रहाणेकडे आले. भारताने आठ गडी राखून सामना आणि मालिका जिंकली. जून २०१८ मध्ये बंगळुरूत अफगाणिस्तानच्या पहिल्याच कसोटीत भारताचा कर्णधार तोच होता.

खरी कसोटी लागली २०२०-२१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात. १९ डिसेंबर २०२० रोजी अॅडलेडला भारताचा दुसरा डाव अवघ्या ३६ धावांत आटोपला. अपत्यजन्मासाठी कोहली मायदेशी परतला, मोहम्मद शमी जायबंदी झाला. आठवड्याभरात मेलबर्नला रहाणेने ११२ धावांची खेळी केली आणि भारत आठ गडी राखून जिंकला. सिडनीची कसोटी रविचंद्रन अश्विन व हनुमा विहारी यांनी किल्ला लढवून अनिर्णित राखली. ब्रिस्बेनला पोहोचेपर्यंत बुमराह, अश्विन, जडेजा, उमेश यादव आणि विहारी हे सारेच दुखापतींनी बाहेर होते.

तेथे उतरलेला संघ हा खऱ्या अर्थाने राखीव खेळाडूंचा होता. टी. नटराजन आणि वॉशिंग्टन सुंदर हे नेटमध्ये गोलंदाजी करण्यासाठी थांबविलेले खेळाडू. दोघांनीही पदार्पण केले. सुंदर तीन वर्षांहून अधिक काळ प्रथम श्रेणीचा सामनाच खेळला नव्हता. मोहम्मद सिराजची ही तिसरी आणि नवदीप सैनीची दुसरी कसोटी. पालघरचा शार्दूल ठाकूर २०१८ मधील पदार्पणात दहा चेंडू टाकून जायबंदी झाला होता. त्यानंतरची ही त्याची पहिलीच कसोटी. यष्टिरक्षक ऋषभ पंतला अॅडलेडला वगळण्यात आले होते. पहिल्या डावात नटराजन, ठाकूर आणि सुंदर यांनी प्रत्येकी तीन बळी घेतले. सहा गडी गमावून संघ अडचणीत असताना सुंदर (६२) व ठाकूर (६७) यांनी १२३ धावांची भागीदारी केली. दुसऱ्या डावात सिराजने पाच बळी टिपले. १९ जानेवारी २०२१ रोजी पंतच्या नाबाद ८९ धावांनी ३२८ धावांचे लक्ष्य गाठले गेले. ज्या गॅबा मैदानावर ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर हरला नव्हता, तेथे तीन गडी राखून विजय मिळाला. मालिकेत भारताने वीस खेळाडू वापरले.

महिन्याभरात इंग्लंडचा संघ भारतात आला आणि कोहली पुन्हा कर्णधार झाला, रहाणे उपकर्णधार. त्यात अन्याय नव्हता. कोहली नियुक्त कर्णधार होता आणि रजेवर गेलेल्याची खुर्ची जात नाही, हा कोणत्याही कचेरीतला नियम आहे. सहा कसोटींत नेतृत्व, चार विजय, दोन अनिर्णित, पराभव एकही नाही : एवढी नोंद मागे ठेवून हंगामी कर्णधाराचे काम संपले. २०२१ मध्ये रहाणेच्या धावा आटल्या. डिसेंबरमध्ये उपकर्णधारपद गेले आणि जानेवारी २०२२ मधील केपटाऊन कसोटीनंतर संघातील जागाही. ब्रिस्बेनचा विजय त्याला वर्षभरही पुरला नाही.

तयारीला मुहूर्त नसतो

८ एप्रिल २०२३ रोजी वानखेडेवर चेन्नई सुपर किंग्जचा मुंबई इंडियन्सशी सामना होता. ५० लाखांच्या मूळ किमतीत घेतलेल्या रहाणेला आपण खेळणार असल्याचे नाणेफेकीच्या थोडेच आधी कळले, कारण मोईन अली आजारी पडला होता. रहाणेने २७ चेंडूंत ६१ धावा केल्या. पाठोपाठ श्रेयस अय्यरच्या पाठीच्या दुखण्यामुळे कसोटी संघातही जागा रिकामी झाली. जूनमध्ये ओव्हलवरील जागतिक कसोटी अजिंक्यपद अंतिम सामन्यात, भारत हरत असतानाही, रहाणेच्या ८९ आणि ४६ धावा उठून दिसल्या. पुढच्या वेस्ट इंडिज दौऱ्यात तो ३ आणि ८ धावांवर बाद झाला आणि दार पुन्हा बंद झाले. मार्च २०२४ मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली मुंबईने बेचाळिसावे रणजी विजेतेपद मिळविले.

सर्वच राखीव खेळाडूंना एवढेही मिळत नाही. फेब्रुवारी १९८८ मध्ये तेंडुलकर आणि कांबळी यांनी शारदाश्रमसाठी ६६४ धावांची भागीदारी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून अमोल मुजुमदार पॅड बांधून बसला होता. रणजी पदार्पणात २६० आणि प्रथम श्रेणीत ११ हजारांहून अधिक धावा करूनही तो भारताकडून एकही सामना खेळला नाही. २०२५ च्या महिला विश्वचषकात तोच भारतीय संघाचा प्रशिक्षक होता. सलामीची प्रतिका रावल जायबंदी झाल्याने मूळ संघात नसलेल्या शफाली वर्माला बोलावणे आले. २ नोव्हेंबर रोजी नवी मुंबईतील अंतिम सामन्यात तिने ८७ धावा आणि दोन बळी अशी कामगिरी करून सामनावीराचा मान पटकावला. भारताला विश्वचषक मिळाला.

यातून ‘वाट पाहणाऱ्याला फळ मिळतेच’ असा निष्कर्ष काढणे खोटे ठरेल. मुजुमदारला खेळाडू म्हणून ते मिळाले नाही. मोरॉलच्या हातून ते ऐनवेळी गेले, रहाणेकडे ते थोडाच काळ टिकले. निष्कर्ष निघतो तो संघांसाठी. राखीव खेळाडू हा निम्म्या मानधनाचा असला, तरी त्याची तयारी निम्मी असून चालत नाही. त्याला सामन्याचा सराव मिळेल, स्थानिक स्पर्धांसाठी वेळेवर मोकळे केले जाईल आणि एका अपयशावर त्याचा निकाल लागणार नाही, एवढी व्यवस्था संघांना करता येते. ब्रिस्बेनची कसोटी जिंकणारे खेळाडू त्या आठवड्यात घडले नव्हते. रणजी सामन्यांत, ‘अ’ संघाच्या दौऱ्यांत आणि नेटमध्ये ते आधीच घडत होते. फक्त धावफलकावर त्याची नोंद नव्हती.