लोखंडही थकतं!

बालमित्रांनो, घरात बांधकामाची उरलेली तार असेल तर वीतभर तुकडा घ्या. (बाबांना विचारून, बरं का!) ती मधोमध वाकवा. काही होत नाही. उलट्या बाजूने वाकवा. तरी काही नाही. असं करतच राहा. पंधराव्या, विसाव्या वेळी ती 'टक्' करून तुटेल. आता सांगा, शेवटच्या वेळी तुम्ही जास्त जोर लावला होता का? मुळीच नाही. मग पहिल्यांदा न तुटलेली तार विसाव्यांदा का तुटली?

नेमका हाच प्रश्न बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराला पडलेला असतो.

हिंगोलीहून कळमनुरीमार्गे नांदेडला निघालं की वाटेत आखाडा बाळापूर लागतं. बाजाराचं गाव, पोलीस ठाण्याचं गाव. तिथल्या एखाद्या आजोबांना विचारा, पोलिसाची बंदूक म्हटलं की त्यांना 'थ्री नॉट थ्री'च आठवेल. नळीच्या भोकाचं माप .३०३ इंच, म्हणून हे नाव. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात या रायफली बनत आणि महाराष्ट्राच्या पोलिसांनी त्या पिढ्यान् पिढ्या खांद्यावर वागवल्या. हिंगोलीत तर राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ आहे. म्हणजे बंदूक, कवायत, नेमबाजीचा सराव या गोष्टी या भागातल्या मुलांना नव्या नाहीत.

ही रायफल भरताना 'खट्-खटाक्' असा आवाज येतो. तो बोल्टचा. बोल्ट म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, आपल्या वाड्याच्या दाराला असतो तसा अडसर! तो पुढे ढकलला की काडतूस नळीत जातं. दांडी खाली वळवली की बोल्टचे पोलादी कान खाचेत अडकतात आणि दार बंद होतं. चाप ओढल्यावर काडतुसातली दारू पेटते. गोळी पुढे पळते आणि तेवढ्याच त्वेषाने वायू मागेही रेटा देतो.

केवढा रेटा? मोटारीच्या टायरमध्ये जेवढा दाब असतो त्याच्या हजारपटीहून जास्त दाब त्या इवल्याशा जागेत क्षणभर तयार होतो. बोल्टवर त्या क्षणी दोन टनांहून अधिक भार येतो. बाळापूरच्या बाजारात वीस क्विंटल हळद एकावर एक रचली आणि तो सगळा ढीग करंगळीच्या टोकाएवढ्या जागेवर टेकवला, असं समजा. आणि हे दार नेम धरणाऱ्या शिपायाच्या डोळ्यापासून जेमतेम वीतभर अंतरावर असतं! ते धड राहिलंच पाहिजे.

आता होतं काय, हजारो वेळा बार झाला की बोल्टचे कान आणि खाच दोन्ही हळूहळू घासले, दबले जातात. ही झीज. वखराची फास झिजते ना, तशीच. झिजलेलं दार घट्ट बसत नाही, मागे बारीक फट राहते. मग बार होताच काडतुसाची पितळी पुंगळी त्या फटीत मागे ताणली जाते. फार ताणली तर तिचे चक्क दोन तुकडे होतात आणि तापलेला वायू शिपायाच्या तोंडाकडे येतो. .३०३ साठी चांगली फट आणि धोक्याची फट यांत फरक फक्त पाव मिलिमीटरचा! डोळ्यांना तो दिसायचा नाही. म्हणून ठराविक जाडीची पोलादी मापं असतात. 'हे माप घातल्यावर बोल्ट बंद झालाच पाहिजे' असं एक आणि 'हे घातल्यावर बंद होताच कामा नये' असं दुसरं. दुसऱ्या मापावरही बोल्ट बंद झाला तर बंदूक बाजूला!

यावर इंग्रजांनी एक नामी युक्ती काढली होती. दुसऱ्या महायुद्धातल्या 'नंबर चार' जातीच्या .३०३ मध्ये बोल्टचं डोकं वेगळं, पेचाने बसवायचं केलं होतं. डोक्यांचे आकार चार, ० ते ३. एकाहून दुसरं केस-दोन केसांच्या जाडीने लांब. झीज झाली की एकच्या जागी दोन नंबरचं डोकं बसवायचं. चपलेला नवा तळ लावावा तसं! मला तरी ही युक्ती फार आवडते.

झीज मापता येते, पण सगळ्याच आजारांवर माप चालत नाही. लोहाराच्या भात्याजवळ कधी उभे राहिलात का? विळा लालभडक झाला की लोहारदादा रंग पाहतात आणि नेमक्या वेळी पाण्यात बुडवतात. यालाच पाणी देणं म्हणतात. सगळी मदार नजरेवर. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यातही पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीपर्यंत रायफलीचे भाग असेच रंग पाहून तापवत. पण लख्ख उन्हाच्या दिवशी तापलेलं लोखंड आहे त्यापेक्षा कमी लाल दिसतं. कारागीर आणखी तापवायचे आणि पोलाद काचेसारखं ठिसूळ व्हायचं. १९१७ मध्ये काही रायफलींचं, बोल्ट ज्यात अडकतो ते घरच फुटलं. त्यानंतर तिथे उष्णता मोजायला यंत्रं आली.

आणि तिसरा आजार तो आपल्या तारेचा, थकव्याचा. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या रेल्वेगाडीच्या इंजिनाचा आस मोडला. पन्नासहून अधिक माणसं दगावली. आस काही अचानक जास्त ओझ्याने मोडला नव्हता. पुढे ऑगस्ट वोलर या जर्मन रेल्वे इंजिनिअरने वर्षानुवर्षं आस फिरवून, वाकवून प्रयोग केले. त्याला दिसलं की एका दमात मोडायला जेवढा जोर लागतो, त्याहून कितीतरी कमी जोर पुन्हा पुन्हा दिला तरी पोलाद मोडतं. आधी केसाहून बारीक भेग पडते. प्रत्येक हिसक्याला ती कणभर पुढे सरकते.

अमेरिकी सैन्याच्या एम-१६ रायफलीचा बोल्ट पाहा. त्याला सात छोटे कान असतात. भेगा बहुधा कानाच्या मुळाशी पडतात, नाहीतर बोल्टच्या मधल्या आरपार भोकाशी, कारण तिथे पोलाद पातळ असतं. तिची आखूड बहीण एम-४ हिच्यात हा त्रास जास्त. नळी आखूड, म्हणून बोल्ट उघडणारा वायू लवकर आणि जोरात येतो. आतला दाब ओसरायच्या आतच दार उघडू लागतं आणि कानांना हिसका बसतो.

ही भेग पकडायची कशी? चुंबकाने! बोल्टला चुंबकत्व देतात आणि वरून लोखंडाची बारीक पूड सोडतात. जिथे भेग असेल तिथे पूड रेघेसारखी गोळा होते. शाळेत कागदाखाली चुंबक धरून लोहकीस टाकता ना, तोच खेळ. आपल्या सैन्याची 'इन्सास' रायफल ज्या संस्थेने तयार केली, ती 'एआरडीई' पुण्यात पाषाणला आहे. शस्त्राचं चित्र काढण्याइतकंच, हजारो फैरी झाडून कोणता भाग कधी दमतो हे पाहणंही अशा संस्थांचं काम असतं.

तुमच्यातल्या काहींच्या मनात आलंच असेल, मग कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेची रायफल? २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने ५० मीटरच्या तीन प्रकारांत कांस्यपदक जिंकलं. त्या स्पर्धेत .२२ च्या रायफली वापरतात. काडतूस चिमुकलं, त्यामुळे बोल्टवरचा भार .३०३ च्या मानाने अगदी थोडा. तिथे थकव्याची नव्हे, अचूकतेची चिंता. दहा गुणांचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं!

आता एक काम करा. सायकल दुरुस्तीच्या दुकानात मोडलेला आस किंवा पेडलचा दांडा पडलेला असतो. तो मागून घ्या आणि मोडलेली बाजू उजेडात धरा. बऱ्याचदा अर्धा भाग गुळगुळीत आणि काळपट दिसेल, उरलेला खडबडीत आणि चकचकीत. गुळगुळीत भाग म्हणजे कित्येक महिने गुपचूप सरकत आलेली जुनी भेग. खडबडीत भाग मात्र शेवटच्या एकाच दणक्यात मोडलेला.