कजलिया : अंधारातील रोपाचा प्रयोग

‘प्रयोग’ म्हटले की रंगमंच, नट आणि प्रेक्षक ही त्रयी गृहीत धरण्याची आपल्या समीक्षेला सवय आहे. जबलपूर आणि बुंदेलखंड या भागांत पाळला जाणारा कजलियांचा अथवा भुजरियांचा विधी या गृहीतकाची कसोटी पाहतो.

श्रावणाच्या शुक्ल पक्षात स्त्रिया पानांच्या द्रोणांत माती घालून गहू पेरतात आणि ते द्रोण घरातील अंधाऱ्या जागी ठेवतात. पाणी मिळते, ऊन मिळत नाही. उजेडाअभावी हरितद्रव्य तयार होत नाही, देठ मात्र लांबतो. रोप पिवळसर व नाजूक निघते. शेतात जो दोष ठरला असता, तोच येथे हेतुपूर्वक साधलेला असतो. राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी हे द्रोण डोक्यावर घेऊन स्त्रिया गात गात नर्मदेवर किंवा तळ्यावर जातात. माती पाण्यात सोडतात, रोपे राखून ठेवतात. मग ती एकमेकांना द्यायची, वडीलधाऱ्यांनी धाकट्यांच्या कानामागे खोवायची, जुना अबोला मोडायचा. येथे प्रेक्षक असा कोणी उरतच नाही.

महोब्याची लोककथा या विधीला 1182 च्या सुमारास पृथ्वीराज चौहानाशी झालेल्या युद्धाशी जोडते. कजलिया विसर्जित करता याव्यात म्हणून आल्हा-ऊदल लढले, असे ती सांगते. मूठभर कोंबांसाठी युद्ध! इतिहास म्हणून ती कितपत खरी, हा प्रश्न निराळा. कोंबांचे मोल मात्र तिने अचूक जाणले आहे.

ग्रीक स्त्रियांच्या ‘अॅडोनिसच्या बागा’ याच जातीच्या. जेम्स फ्रेझर यांनी त्यांच्याशेजारी उरांव-मुंडांच्या करम उत्सवातील जवाचे कोंब ठेवले आणि या साऱ्यांत पीक वाढावे म्हणून केलेली यातुक्रिया पाहिली. या उपपत्तीने पेरणीचा उलगडा होतो, कानामागील रोपाचा होत नाही. मंडल्याकडील गोंड-बैगांच्या करमा नृत्यात झाडाची फांदी मध्यभागी रोवून नर्तक तिच्याभोवती फिरतात. तेथे वनस्पती केंद्र असली तरी स्थिर असते. कजलियांत ती हातोहात फिरते, आणि प्रयोगाचा काळही तीच ठरवते: कोंब वर येईपर्यंत माणसाला थांबावेच लागते.

महाराष्ट्रातील घटाचे धान्य याच कुळातले. दसऱ्याला त्याचे तुरे टोपीत वा केसांत खोवले जातात. पण त्याची चर्चा आपण व्रतवैकल्यांच्या प्रकरणात करतो, नाट्याच्या नव्हे.