सरासरीत हरवलेला डोंगर

संशोधनाचा आराखडा लिहिताना बरेच जण आधी तालुका निवडतात, मग विषय. भूगोलात गडबड इथेच होते.

कॉर्सिका बघा. भूमध्य समुद्रातलं हे फ्रेंच बेट सुमारे 8,700 चौरस किलोमीटरचं, वस्ती साडेतीन लाखांच्या आसपास. म्हणजे चौरस किलोमीटरला 40 माणसं. पण बरीचशी माणसं आजाक्सियो आणि बास्तिया या दोन किनारी शहरांत नि त्यांच्या अवतीभवती राहतात. मधला, 2,706 मीटरपर्यंत चढणारा डोंगर जवळपास रिकामा.

आता आपल्याकडे या. 2011 च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची घनता 360. त्या एका आकड्यात तापीकाठचं केळीचं गाव पण आलं आणि चोपड्याच्या उत्तरेचा सातपुड्यातला पावरा पाडा पण. खाली घरं एकमेकांना चिकटून, शेतं गावाबाहेर. वर सत्रासेन, वैजापूरकडे ज्याचं घर त्याच्या शेतात. गाव कुठं सुरू झालं नि कुठं संपलं, नवख्याला कळत नाही.

या दोघांच्या मधे एक तिसरा पट्टा आहे, आणि माझ्या मते खरा विषय तोच. सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीत मोठा प्रस्तरभंग आहे. त्याच्या दक्षिणेचा भाग खचला आणि तापीच्या गाळाने भरला. काही ठिकाणी हा गाळ 300 मीटरहून खोल आहे. डोंगरातून येणाऱ्या नद्यांचा उतार पायथ्याशी एकदम मोडतो, मग त्या दगडगोटे तिथेच टाकतात. या गोट्यांच्या पट्ट्याला भूशास्त्रात ‘बझाडा’ म्हणतात. पावसाळ्यात नाला वाहत येतो आणि इथे चक्क जिरून जातो. (अडावदजवळच्या उनपदेवचं गरम पाणी याच पायथ्याला वर येतं. लोक दर्शनाला जातात, तुम्ही नकाशा घेऊन जा.)

सपाटीवरच्या गाळात चिकणमातीचे थर असल्याने तिथलं पावसाचं पाणी सहज खोल जात नाही. केळीच्या बोअरना मिळणारं पाणी मोठ्या प्रमाणात या पायथ्यातून मुरत येतं. बोअर खोल खोल चालल्या आहेत, हे इथल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. म्हणजे दाट वस्तीचं पाणी विरळ वस्तीच्या उंबऱ्याशी ठरतं, आणि तालुक्याची सरासरी काढली की नेमका हाच दुवा पुसला जातो. शेजारच्या शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी नाले रुंद-खोल करून बंधारे बांधले, ते जमिनीतले थर वाचूनच. डोंगराकडच्या कठीण खडकाला आणि गाळाला एकच उपाय त्यांनी लावला नाही.

तेव्हा आराखड्यात तालुक्याची सीमा राहू द्या, पण तिच्यात तीन पट्टे आखा: डोंगर, पायथा, गाळ. जिल्हा जनगणना पुस्तिकेत गाववार लोकसंख्या आणि क्षेत्रफळ मिळतं. प्रत्येक गाव त्याच्या पट्ट्यात टाका आणि घनता तीनदा काढा. डोंगरातल्या गावांचं वनक्षेत्र धरून एकदा, वगळून एकदा. दोन्ही आकडे शेजारी ठेवा. गाइडचा पहिला प्रश्न तिथूनच येणार आहे.