एकवीस मतांचे गाव

एकवीस माणसे म्हणजे किती? एसटीच्या गाडीत बसवली तर साधारण निम्मी बाके रिकामी राहतील. 1 मे 2003 रोजी वेल्समधल्या लानेली मतदारसंघात मजूर पक्षाच्या कॅथरिन थॉमस यांना 9,916 मते पडली आणि प्लाइड कम्री या वेल्श राष्ट्रवादी पक्षाच्या हेलन मेरी जोन्स यांना 9,895. एवढ्या अर्ध्या गाडीभर माणसांवर आमदारकी गेली. वेल्सची विधानसभा 1999 मध्ये सुरू झाली, तेव्हाच्या पहिल्या निवडणुकीत जोन्सबाई याच जागेवर 688 मतांनी निवडून आल्या होत्या. पुढे 2011 मध्ये त्या 80 मतांनी पडल्या आणि 2016 मध्ये 382 मतांनी. या तीन पराभवांची बेरीज 483. आपल्याकडे एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या निवडणुकीत यापेक्षा मोठा फरक पडतो.

आधी नावाचे बघू. लानेली हे आपण सोयीसाठी लिहितो. वेल्शमध्ये त्याच्या आरंभी आणि मध्ये जो दुहेरी ‘ल’ आहे तो उच्चारायला जीभ ‘ल’च्या जागी टेकवायची, गळ्यातून आवाज काढायचा नाही आणि गालाच्या बाजूने नुसती हवा सोडायची. मांजर फिसकारावे तसे काहीसे होते. आपल्याजवळ ‘ळ’ आहे म्हणून आपण ऐटीत असतो, पण इथे तोही कामाला येत नाही.

दक्षिण वेल्सच्या किनाऱ्यावर, लखर नदीच्या खाडीकाठी हे गाव आहे. ते वाढले पत्र्यावर. लोखंडी पत्र्याला कथलाचा मुलामा द्यायचा, म्हणजे आपल्या भाषेत कल्हईच करायची, फक्त कारखान्याच्या मापाने. जुन्या गिरण्यांत भट्टीतून लाल पत्रा काढून लाटत, दुमडत, पुन्हा तापवून पुन्हा लाटत. पोळीला घडी घालून लाटतो तसेच. थरांवर थर चिकटून बसले की ते हातांनी सोडवण्याचे काम बायकांकडे असे. पत्र्याच्या कडा म्हणजे धारदार पाती. डबे, पिंपे, बिस्किटांचे पेटारे यांच्यासाठी इथला पत्रा जगभर गेला, आणि गावाला ‘टिनोपोलिस’ असे टोपणनावच पडले. इथल्या रग्बी संघाच्या मैदानावर गोलखांबांच्या टोकांना लाल पातेली बसवलेली असतात, आणि ‘सोस्बान वाख’ म्हणजे छोटे पातेले या नावाचे गाणे प्रेक्षक बेंबीच्या देठापासून म्हणतात. ज्या गावाची निशाणी पातेले आहे, तिथला मतदार कोणत्या पक्षाचा असणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

तरी मजूर पक्ष तिथे आपसूक आला नाही. ऑगस्ट 1911 मध्ये देशभरचा रेल्वे संप झाला. लानेलीच्या फाटकावर संपकऱ्यांनी गाडी अडवली, सैन्य आले आणि 19 तारखेला गोळीबार झाला. जॉन जॉन हा तरुण पत्रा कामगार आणि लेनर्ड वर्सेल हा लंडनहून आलेला क्षयाचा रुग्ण असे दोघे जागीच गेले. वर्सेल संपात नव्हताच. दाढी करता करता गडबड काय आहे ते बघायला तो मागच्या अंगणात आला होता, असे सांगतात. तेव्हा या भागावर उदारमतवादी पक्षाचे राज्य होते. अकरा वर्षांनी, 1922 मध्ये, लानेलीने लंडनच्या संसदेत मजूर पक्षाचा माणूस पाठवला आणि तेव्हापासून आजवर दुसऱ्या कुणाला पाठवलेले नाही. शंभर वर्षांत खासदार झाले फक्त चार: डॉ. जे. एच. विल्यम्स, जिम ग्रिफिथ्स, डेन्झिल डेव्हिस आणि 2005 पासून निया ग्रिफिथ. आपल्याकडे एवढ्यात एका घराण्याच्या चार पिढ्या झाल्या असत्या. इथे चौघांचा एकमेकांशी नात्याचा संबंध नाही.

या चौघांत मोठा माणूस ग्रिफिथ्स. कोळशाच्या खाणीत राबलेला, खाणकामगारांच्या संघटनेचा अध्यक्ष झालेला, 1936 च्या पोटनिवडणुकीत निवडून आलेला. महायुद्धानंतर पंतप्रधान अॅटलींच्या सरकारात राष्ट्रीय विम्याचे खाते त्याच्याकडे आले आणि 1946 चा राष्ट्रीय विमा कायदा त्याने मंजूर करून घेतला. आजारपण, बेकारी, म्हातारपण यांत हातात काही पैसे पडावेत याची ती सोय होती. वेल्ससाठी स्वतंत्र मंत्री हवा हा धोशाही त्याने लावून धरला होता, आणि 1964 मध्ये ते पद निर्माण झाले तेव्हा पहिला मंत्री तोच झाला. म्हणजे लानेलीच्या मजूर पक्षात वेल्शपण पहिल्यापासून मुरलेले होते. पुढची चुरस समजायला हे ध्यानात ठेवावे लागते, कारण इथे लढत वेल्श विरुद्ध इंग्रज अशी नव्हती. दोन्हीकडची माणसे घरी वेल्शच बोलत.

भाषेचा झगडा मात्र याच मातीत रुजला. मतदारसंघातल्या लांगेनेख गावात आयलीन आणि ट्रेव्हर बीझली या जोडप्याने 1952 मध्ये घरपट्टीचे बिल वेल्शमध्ये मागितले आणि ते मिळेपर्यंत पैसे भरायला नकार दिला. जप्तीवाले आले, घरातले सामान उचलून घेऊन गेले. पुन्हा आले, पुन्हा नेले. हे जोडपे हटले नाही. आठ वर्षांनी, 1960 मध्ये, ग्रामीण परिषदेने वेल्शमधले बिल पाठवले. त्याआधी 1 मार्च 1947 रोजी, म्हणजे वेल्सचा संत डेव्हिड याच्या दिवशी, सरकारी खर्चाने चालणारी पहिली वेल्श माध्यमाची प्राथमिक शाळाही लानेलीतच उघडली होती. मराठी शाळांची आजची कहाणी ज्याला ठाऊक आहे, त्याला या दोन गोष्टी उगाच जवळच्या वाटतील.

प्लाइडला इथे पाय रोवायला वेळ लागला. 1970 मध्ये त्यांनी उमेदवार दिला तो कार्विन जेम्स. रग्बीतला हा माणूस निवडणुकीत सपाटून पडला. पुढच्याच वर्षी त्याच्या हाताखालच्या ब्रिटिश लायन्स संघाने न्यूझीलंडमध्ये जाऊन मालिका जिंकली, आणि 31 ऑक्टोबर 1972 रोजी त्याने घडवलेल्या लानेलीच्या संघाने खुद्द ऑल ब्लॅक्सना, म्हणजे न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संघाला, 9-3 असे हरवले. त्या दिवशी गावात दारू संपली अशी आख्यायिका आहे. मते मात्र मजूर पक्षाचीच राहिली. पातेल्यावर प्रेम करणे वेगळे आणि मत देणे वेगळे, हे लोक पक्के जाणून होते.

मग 1997 चे सार्वमत आले. वेल्सला स्वतःची विधानसभा हवी का? 1979 मध्ये लोकांनी चारास एक असे नाकारले होते. 18 सप्टेंबरच्या रात्री निकालांत ‘नको’ पुढे होते, आणि अगदी शेवटी उरला तो कारमार्थनशर, म्हणजे लानेली ज्या परगण्यात आहे तो. तिथे 65 टक्के ‘हवी’. सगळ्या वेल्सचा निकाल 6,721 मतांनी फिरला. कार्डिफमध्ये विधानसभा बसली ती या परगण्याच्या पेट्या उघडल्यावर.

तिथून लानेलीचा मतदार दोन मनांनी वागू लागला. लंडनसाठी मजूर पक्ष, कार्डिफसाठी बघू. 1999 मध्ये मजूर पक्षाने आपल्या वेल्श नेत्याच्या निवडीत लंडनची लुडबुड चालू दिली होती, त्याचा राग निघाला आणि रॉन्डा, इस्लुइन यांसारख्या बालेकिल्ल्यांबरोबर लानेलीही प्लाइडकडे गेली. 2003 मध्ये त्या एकवीस मतांनी परत आली. 2005 मध्ये निया ग्रिफिथ लंडनला सात हजारांहून अधिक मताधिक्याने गेल्या, आणि दोनच वर्षांनी जोन्सबाईंनी कार्डिफची जागा 3,884 मतांनी जिंकली. मतदार तेच, गाव तेच. मला यात चंचलपणा दिसत नाही. कोणत्या दारात काय मागायचे हे कळणाऱ्या गिऱ्हाइकाचा हिशेब दिसतो.

या खेळात नियमांनीही हात धुऊन घेतले. वेल्सच्या साठ आमदारांपैकी चाळीस मतदारसंघांतून येत आणि वीस पाच विभागांच्या पक्षयाद्यांतून. ज्या पक्षाला मतांच्या मानाने जागा कमी मिळाल्या त्याची भरपाई यादीतून होई. म्हणूनच 2003 मध्ये एकवीस मतांनी पडलेल्या जोन्सबाई यादीतून सभागृहात हजर झाल्या. मजूर पक्षाला हे मागच्या दाराने शिरणे वाटले. त्याच वर्षी क्लुइड वेस्ट मतदारसंघात हरलेले तीन उमेदवार याद्यांतून आत आले होते, ते उदाहरण तोंडावर होतेच. 2006 च्या कायद्याने मग बंदी घातली: मतदारसंघात तरी उभे राहा किंवा यादीत तरी, दोन्हीकडे नाही. 2011 मध्ये जोन्सबाई पक्षाच्या उपनेत्या होत्या. मजूर पक्षाच्या कीथ डेव्हिस यांना 10,359 मते, जोन्सबाईंना 10,279. खाली जाळे नव्हते, सरळ घरी. त्या निवडणुकीत प्लाइडमधून फुटलेल्या, हाडांच्या डॉक्टर असलेल्या सियान कायाख ‘लानेली आधी’ असे म्हणत उभ्या होत्या आणि त्यांनी बरीच मते नेली. 80 मतांचे कोडे सोडवणाऱ्यांना ती आकडेमोड पुढे वर्षभर पुरली असणार.

बंदी 2014 मध्ये उठली. 2016 मध्ये मजूर पक्षाच्या ली वॉटर्स यांच्याकडून जोन्सबाई पुन्हा हरल्या, पण यादीत नाव होते, आणि 2018 मध्ये त्यांच्या पक्षाच्या एका आमदाराने राजीनामा दिल्यावर त्या जागी आल्या. 2021 मध्ये वॉटर्स 5,675 मतांनी जिंकले आणि हा सामना संपला. सहा निवडणुका, सहाही वेळा एकच बाई रिंगणात.

वॉटर्स पुढे साऱ्या ब्रिटनला माहीत झाले ते वेगळ्याच कारणाने. वस्तीतल्या रस्त्यांवर वाहनांचा वेग ताशी 30 ऐवजी 20 मैल करण्याचा नियम 17 सप्टेंबर 2023 ला लागू झाला, तो त्यांच्या खात्याचा. विरोधाच्या अर्जावर चार लाखांहून अधिक सह्या पडल्या. वेल्सची लोकसंख्या आहे तीस-एकतीस लाख.

आता पत्र्याकडे परत यावे लागते. लानेलीचा ट्रोस्ट्रे कारखाना 1951 पासून डब्यांचा पत्रा बनवतो, आणि 2007 पासून त्याचे मालक आहेत टाटा, मुंबईच्या बॉम्बे हाऊसमधले. ट्रोस्ट्रेला पोलादाची गुंडाळी येते ती टाटांच्याच पोर्ट टॅलबटहून. तिथली शेवटची झोतभट्टी 30 सप्टेंबर 2024 रोजी विझली. त्याच्या तीन महिने आधी, लंडनच्या निवडणुकीत, निया ग्रिफिथ यांचे मताधिक्य 1,504 वर घसरले होते, आणि दुसऱ्या क्रमांकावर प्लाइड नव्हती, रिफॉर्म हा स्थलांतरविरोधी पक्ष होता. कारण एकच नसते. आदल्या वर्षी गावातल्या एका हॉटेलात आश्रयार्थी ठेवण्याच्या बेतावरून महिनोन्‌महिने निदर्शने झाली होती आणि सरकारने तो बेत सोडला होता. पण दोन पक्षांची जुनी कुस्ती तिघांची झाली हे मात्र खरे.

आणि कार्डिफसाठीचा लानेली मतदारसंघ आता उरलेला नाही. 2024 च्या कायद्याने सेनेदचे, म्हणजे वेल्सच्या विधानसभेचे, सदस्य साठाचे शहाण्णव झाले, चाळीस मतदारसंघांचे सोळा मोठे मतदारसंघ झाले, प्रत्येकी सहा जागांचे. लानेली शेजारच्या कारमार्थनबरोबर एका मतदारसंघात गेली. 2026 पासून पेन्सिलीने फुली मारायची ती मुख्यतः पक्षाच्या नावापुढे. मोजणी भागाकाराची: प्रत्येक पक्षाची मते आधी एकाने भागायची, एक जागा मिळाली की दोनाने, दोन मिळाल्या की तीनाने, आणि दर फेरीत ज्याचा भागाकार मोठा त्याला पुढची जागा. पहिल्या दोन-तीन जागा सहज सुटतात. सहाव्या जागेला दोन पक्षांचे भागाकार अगदी शेजारी येऊन उभे राहू शकतात, आणि तिथे पुन्हा कुणीतरी गठ्ठे सोडून एकेक कागद उलटत बसेल.