परिषद संपली, हातात एक दिवस आहे. मुंबईत काय पाहाल?

चैत्यभूमी ते चर्नी रोड : अधिवेशनाला, शिबिराला येणाऱ्या तरुणांसाठी एक धम्मसहल

दादरमधील दोन दिवसांचे कार्यकर्ता शिबिर संपले होते. मराठवाड्यातून आलेल्या वीस-बावीस तरुणांची परतीची गाडी रात्रीची होती. हातात अख्खा दिवस होता. "आता कुठं जायचं?" या प्रश्नावर पहिले उत्तर आले गेटवे, दुसरे बँडस्टँड. चैत्यभूमीचे नाव निघाले तेव्हा एक जण म्हणाला, "ती तर झाली की."

आयोजक म्हणून आम्ही तिथेच उभे होतो आणि आमच्याकडेही तयार उत्तर नव्हते. दोन दिवस आम्ही त्यांना चळवळीचा इतिहास सांगत होतो. तो जिथे घडला त्यातली कितीतरी ठिकाणे सभागृहापासून चालत जाण्याच्या अंतरावर होती, तरीही आम्ही एकदाही त्यांना घेऊन बाहेर पडलो नव्हतो. त्यानंतर आम्ही आमच्यापुरता एक मार्ग आखला आणि पुढच्या गटांना तो दाखवू लागलो. या लेखात तोच मार्ग सांगत आहोत.

फिरणे म्हणजे वेळ वाया घालवणे नव्हे

अनेक कार्यकर्त्यांना फिरायला जायचे म्हटले की संकोच वाटतो. समाजाच्या कामासाठी आलो, वर्गणीच्या पैशातून आलो, मग मौजमजा कशी करायची? हा संकोच प्रामाणिक आहे, पण तो सोडून द्यायला हवा. आपल्याला मिळणारी रविवारची सुटीसुद्धा याच शहरातील कष्टकऱ्यांनी लढून मिळवली आहे. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांची सभा घेतली. आठवड्यातून एक दिवस सुटी हवी, ही तिथली एक प्रमुख मागणी होती. सुमारे साडेपाच हजार कामगारांनी त्या मागणीपत्रावर सह्या केल्या. पुढे सहा वर्षे पाठपुरावा झाला आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मान्य झाली. विश्रांती हा कष्टकऱ्याचा हक्क आहे, हे महात्मा फुल्यांच्या सहकाऱ्याने परळमध्ये सिद्ध केले. त्यामुळे सुटीच्या दिवशी परळ पाहायला जाण्यात संकोच कसला?

सकाळ : दादर

सुरुवात चैत्यभूमीपासूनच करावी. ७ डिसेंबर १९५६ रोजी इथे बाबासाहेबांच्या पार्थिवावर अंत्यसंस्कार झाले. आज दिसणाऱ्या स्तूपाचे उद्घाटन ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताई आंबेडकर यांच्या हस्ते झाले. ६ डिसेंबरला तासन् तास रांगेत उभे राहून क्षणभर दर्शन घेतलेल्यांनी एकदा साध्या दिवशी सकाळी इथे यावे. सांचीच्या धर्तीवरील तोरण निवांत पाहता येते, मागे समुद्र असतो, दहा मिनिटे शांत बसता येते. शेजारीच इंदू मिलच्या जागेवर उभ्या राहत असलेल्या स्मारकाचे बांधकाम दिसते. भूमिपूजन ऑक्टोबर २०१५ मध्ये झाले होते, हे गटातील तरुणांना आवर्जून सांगावे.

तिथून दादर पूर्वेला हिंदू कॉलनीत राजगृहाकडे जावे. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बाबासाहेबांनी हे घर बांधले ते मुख्यतः पुस्तकांसाठी, आणि नाव दिले मगधाच्या प्राचीन राजधानीचे. धर्मांतराची घोषणा होण्याच्या कितीतरी आधी त्यांच्या घरावर बौद्ध इतिहासातले नाव होते, ही गोष्ट चर्चेला घेण्यासारखी आहे. माता रमाई यांचे निधन २७ मे १९३५ रोजी याच घरात झाले. ७ जुलै २०२० रोजी राजगृहाच्या आवारात तोडफोड झाली, तेव्हा महाराष्ट्रभर संताप उसळला होता. हे राहते घर आहे. तळमजल्यावरील स्मृतिदालन पाहायचे तर आधी चौकशी करून जावे.

जवळच गोकुळदास पास्ता मार्गावर आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेसची जागा आहे. 'जनता' आणि 'प्रबुद्ध भारत' इथे छापले जात. जून २०१६ मध्ये एका रात्रीत या वास्तू पाडल्या गेल्या आणि १९ जुलैला मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. ज्या छापखान्याने आपल्याला आवाज दिला, त्याची मूळ वास्तू आता आपल्याला पाहता येत नाही. पुढचा सगळा प्रवास ही गोष्ट लक्षात ठेवून करायचा आहे.

दुपार : नायगाव, परळ

३० आणि ३१ मे १९३६. दादर-नायगाव भागात मुंबई इलाखा महार परिषद भरली होती. धर्मांतराच्या घोषणेनंतर पुढची दिशा ठरवण्यासाठी खेड्यापाड्यांतून प्रतिनिधी आले होते. बाबासाहेबांनी 'मुक्ती कोन पथे?' हे भाषण याच परिषदेत केले. ते पुस्तिकेच्या रूपात अनेकांनी वाचलेले असते, पण ते परिषदेतील भाषण होते आणि ते ऐकणारे आपल्यासारखेच प्रवास करून आलेले प्रतिनिधी होते, हे सहसा लक्षात येत नाही. नायगावच्या चाळींमधून चालताना ते लक्षात येते.

पुढे परळचे पोयबावडी. आमच्या मते या मार्गावरचे सर्वांत महत्त्वाचे ठिकाण हेच आहे. इथल्या बीआयटी चाळीत, दुसऱ्या मजल्यावरील ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत आंबेडकर कुटुंब १९१२ ते १९३४ अशी बावीस वर्षे राहिले. कोलंबियाला जाण्यापूर्वीचे, लंडनहून परतल्यानंतरचे, महाडचे आणि गोलमेज परिषदेचे बाबासाहेब इथले रहिवासी होते. ते परदेशात शिकत असताना रमाईंनी संसाराचा भार वाहिला आणि लेकरांचे मृत्यू सोसले, त्यातली अनेक वर्षे या खोल्यांतच गेली. 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू झाला, त्याचे कार्यालयही पोयबावडीतच हरारवाला बिल्डिंगमध्ये होते. जगातील नामांकित विद्यापीठांच्या पदव्या आणि चाळीतील दोन खोल्या यांतले अंतर पुस्तक वाचून जेवढे कळत नाही, तेवढे तो जिना चढताना कळते.

जवळच दामोदर हॉल. ९ मार्च १९२४ रोजी इथे बाबासाहेबांनी बोलावलेल्या सभेतून बहिष्कृत हितकारिणी सभेची कल्पना पुढे आली आणि जुलैमध्ये ती स्थापन झाली. 'शिका, चेतवा, संघटित करा' हे तिचे ब्रीद. बाबासाहेबांचे कार्यालयही काही काळ याच आवारात होते. इथले दामोदर नाट्यगृह २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाले.

परळमध्ये आणखी दोन मैदाने पाहावीत. कामगार मैदानात ७ नोव्हेंबर १९३८ च्या संपाची विराट सभा झाली. औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या त्या संपात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र आले होते. नरे पार्कमध्ये २४ मे १९५६ च्या बुद्धजयंतीला बाबासाहेबांनी ऑक्टोबरमध्ये धम्मदीक्षा घेणार असल्याचे जाहीर केले. आज तिथे मुले क्रिकेट खेळताना दिसतील. थोडा वेळ त्यांच्यात खेळायलाही हरकत नाही.

लालबागचा चिवडा आणि गिरणीतला धागा

परळहून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गाने सरळ चालत लालबागला यावे. दुपारच्या वेळी भूक लागलेली असतेच. चिवडा गल्लीत चिवडा घ्यावा, मसाल्याच्या दुकानांतून घरासाठी मसाला घ्यावा. कोकणातून, घाटावरून आलेल्या पिढ्यांचा हा बाजार आहे.

उंच इमारतींकडे बोट दाखवून गटाला विचारावे, इथे आधी काय होते? १८ जानेवारी १९८२ पासूनच्या संपानंतर गिरणगाव कसे उद्ध्वस्त झाले, हे बहुतेकांना ऐकून माहीत असते. पण या गिरण्यांत जात कशी होती, हे सांगितले जात नाही. विणकाम खात्यात पगार चांगला मिळे, मात्र अस्पृश्य कामगाराला तिथे प्रवेश नव्हता. कारण धोट्यात धागा ओवताना विणकर तो तोंडाने ओढत असे, आणि अस्पृश्याच्या ओठांना लागलेला धागा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. कामगार एकजुटीच्या घोषणा आणि तो एक धागा यांचा एकत्र विचार केला, तर वर्ग आणि जात यांवरची आपल्या शिबिरांतील चर्चा अधिक नेमकी होईल.

लहान मुले सोबत असतील तर भायखळ्याच्या राणीबागेत तास-दोन तास घालवावेत. आवाराला लागून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. ज्यांच्या नावाचे हे संग्रहालय, त्या भाऊ दाजींनी एकोणिसाव्या शतकात अजिंठ्याच्या लेण्यांतील शिलालेखांचा अभ्यास केला होता.

दुसरा अर्धा दिवस : फोर्ट

भायखळ्याहून लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठावे. बाहेर पडल्यावर आझाद मैदानाजवळ एल्फिन्स्टन हायस्कूल आहे. विद्यार्थी भीमराव इथून १९०७ मध्ये मॅट्रिक झाले. दादाभाई नौरोजी मार्गावर सिद्धार्थ महाविद्यालयाचे आनंद भवन आणि बुद्ध भवन आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने २० जून १९४६ रोजी सुरू केलेल्या या महाविद्यालयातून आपल्या समाजातील लेखक, अधिकारी आणि कार्यकर्त्यांच्या पिढ्या बाहेर पडल्या.

टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटी आहे. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याच्या स्तूपाचे उत्खनन केले. त्यात सापडलेला करंडक आणि बुद्धमूर्ती या संस्थेकडे जपलेल्या आहेत. काळा घोडा परिसरातील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सोपाऱ्याच्या अशोक शिलालेखाचा तुकडा आणि मीरपूर खासच्या स्तूपावरील मातीची शिल्पे आहेत. समोरच्या बाजूला एल्फिन्स्टन कॉलेज, जिथे भीमराव बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर शिकले. चर्चगेटचे शासकीय विधी महाविद्यालयही वाटेतच. १९३५ मध्ये ते तिथे प्राचार्य झाले.

संध्याकाळ : गिरगाव

चर्चगेटहून लोकलने चर्नी रोडला उतरावे. स्थानकाजवळची बाग हे आमच्या मार्गाचे शेवटचे ठिकाण आहे. शाळकरी भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत आणि तिथेच कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींची नजर त्यांच्यावर पडली. पुढे एका सत्कार सभेत गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले. त्या पुस्तकाने आपल्याला बुद्धाकडे वळवले, असे बाबासाहेबांनी आयुष्याच्या अखेरीस लिहून ठेवले आहे.

सकाळी चैत्यभूमीवरून निघालेला मार्ग असा एका मुलाच्या हातातील पुस्तकापाशी येतो. ज्या बागेला बाहेरगावचा माणूस पर्यटनस्थळही म्हणणार नाही, तिथे आम्ही गटाला अर्धा तास बसवतो आणि विचारतो, तुमच्या हातात पहिले पुस्तक कोणी दिले? आमच्या अनुभवात यावर सगळे बोलतात. शिबिरात दोन दिवस गप्प बसलेलेही बोलतात. मग चौपाटीवर जाऊन भेळ खावी, पाण्यात पाय बुडवावेत, फोटो काढावेत. विदर्भ-मराठवाड्यातील कितीतरी मुलामुलींनी समुद्र पाहिलेला नसतो. त्यांचा तो आनंद कमी महत्त्वाचा मानू नये.

काही व्यावहारिक सूचना

- हा सगळा मार्ग एका दिवसात उरकू नका. एकच दिवस असेल तर दादर-परळ करा आणि संध्याकाळी थेट चर्नी रोड गाठा. फोर्टसाठी कामकाजाचा दिवस निवडा.
- ५, ६ आणि ७ डिसेंबरला हा मार्ग जमणार नाही. तेव्हा चैत्यभूमीचे दर्शन आणि शिवाजी पार्कवरील पुस्तकांचे स्टॉल एवढेच करा.
- सकाळी आठ ते अकरा दक्षिणेकडे जाणाऱ्या लोकलला मोठी गर्दी असते. गटात महिला, वृद्ध, मुले असतील तर ही वेळ टाळा.
- चाळींत माणसे राहतात. घोषणा देत जिना चढू नका, रहिवाशांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.
- प्रत्येक ठिकाणी गटातील एकाने पाच मिनिटे माहिती सांगावी. जबाबदारी आदल्या रात्रीच वाटून द्यावी, आणि त्यात मुलींना निम्मा वाटा असावा.

दर्शन नको, अभ्यास हवा

या ठिकाणांची तीर्थक्षेत्रे करण्याचा मोह टाळला पाहिजे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातील भक्ती आणि विभूतिपूजा अधोगतीकडे नेते, असा इशारा दिला होता. हार घालून, सेल्फी घेऊन पुढे जाणे सोपे असते. पण या खोलीत राहून हा माणूस काय करत होता आणि आज आपण काय करत आहोत, हे विचारायला थोडा वेळ द्यावा लागतो.

हा वेळ आता कमी उरला आहे. प्रेस गेला, दामोदर बंद झाले. वरळीच्या ज्या बीडीडी चाळींनी १९७४ मध्ये दलित पँथरच्या सभेनंतरची दंगल पाहिली, तिथे आता टॉवर उभे राहत आहेत. रहिवाशांना चांगली घरे मिळायलाच हवीत, त्याला कोणाचा विरोध असू नये. मात्र भिंती जाणार असतील तर त्यांची आठवण सांगणारी माणसे तयार व्हायला हवीत. पर्यटन विभागाने २०२२ मध्ये बाबासाहेबांच्या स्मृतिस्थळांची सहल सुरू केली, तिचे स्वागतच आहे. पण आपला इतिहास सांगण्याचे काम पूर्णपणे सरकारवर सोपवता येणार नाही.

म्हणून आयोजकांना आमची एकच विनंती आहे. पुढच्या परिषदेची कार्यक्रमपत्रिका छापाल, तेव्हा एक भाषण कमी करा आणि त्या जागी अर्धा दिवस चालण्यासाठी ठेवा. सभागृहाचे दार उघडले की परळ समोरच आहे.

जय भीम, नमो बुद्धाय.