चूक सांगण्याचे धैर्य

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. त्यामुळे गावातल्या आया माझ्याकडे बोट दाखवून आपल्या मुलांना म्हणतात, "तिच्यासारखं शीक." बारावीला मी इंग्रजीत नापास झाले होते आणि जुलैच्या पुरवणी परीक्षेत सुटले, हे त्यांना ठाऊक नाही. निकाल लागल्यावर तीन दिवस मी मायला "अजून लागला नाही" असेच सांगत होते. ही गोष्ट वार्षिकांकात लिहावी की नाही, या विचारात महिना गेला. धीर दिला तो एका पुस्तकाने आणि ख्रिस्ती मैत्रिणीकडून कळलेल्या एका शब्दाने.

तो शब्द म्हणजे 'साक्ष'. आपल्याला साक्ष म्हटले की कोर्ट आठवते. ख्रिस्ती मंडळीत मात्र एखादा साधा माणूस उभा राहून आपण कोठे घसरलो व देवाने कसे सावरले हे सर्वांसमोर सांगतो, ती साक्ष. यवतमाळला हा शब्द परका नाही. १९५३ साली येथे सुरू झालेले युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ साली पुण्यास गेले. तोवर धर्मशिक्षणासाठी दूरदूरचे विद्यार्थी आपल्या शहरात येत.

कबुली आणि साक्ष यांत फरक आहे. कबुली क्षमा मिळावी म्हणून असते, साक्ष क्षमा मिळाल्यानंतरची असते आणि ती ऐकणाऱ्यासाठी असते. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आरंभीच पौल म्हणतो की, आपल्याला संकटात मिळालेले सांत्वन पुढच्या संकटग्रस्ताला द्यायचे असते. पेत्राने कोंबडा आरवण्यापूर्वी येशूला तीनदा नाकारले, ही गोष्ट चारही शुभवर्तमानांत आहे. मार्काने आपले शुभवर्तमान पेत्राच्या तोंडून ऐकून लिहिले, असे परंपरा मानते. म्हणजे मंडळीच्या या पुढाऱ्याने आपली लाज स्वतःच सांगितली असली पाहिजे!

मराठीत याचे उत्तम उदाहरण म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. १९३४ पासून ती भागाभागाने प्रसिद्ध झाली. ना. वा. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही सोवळे सुटेना. अखेर जातिभेद देवाने नव्हे, माणसाने केला असे त्यांच्या मनाने घेतले आणि कोणाच्याही हातचे खायचे त्यांनी ठरवले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दुसऱ्या कोणी ते जुने दिवस दोन ओळींत झटकून टाकले असते. लक्ष्मीबाई आपली भीती, हट्ट, रुसवे सारे तपशिलाने सांगतात आणि स्वतःलाच हसतात. टिळकांचा शीघ्रकोपही त्या लपवत नाहीत. टिळक १९१९ सालीच वारले होते, उत्तर द्यायला नव्हते, म्हणून मला हे प्रथम खटकले. पण त्या स्वतःलाही तितकेच धारेवर धरतात, हे पाहून माझी तक्रार गेली.

यात एक धोका आहे. चुकीचे वर्णन रंगवता रंगवता माणूस तिच्यातच रमतो, नाहीतर "पाहा, मी कसा सुधारलो" म्हणून मिरवतो. आणि दुसऱ्याची चूक सांगून तिसऱ्याला धीर देणे ही तर निव्वळ चहाडी.

यंदा आमच्या शेजारचा मुलगा बारावीत राहिला. दोन दिवस तो जेवला नाही, भिंतीकडे तोंड करून पडून होता. त्याची आई मला बोलवायला आली. मी जवळ बसून म्हटले, "अरे, मीही इंग्रजीत राहिले होते."

"खोटं नको सांगू, ताई."

"खरंच. पुरवणीत सुटले."

"किती होते?"

आजवर हा आकडा मी कोणाला सांगितला नव्हता. मैत्रिणींनाही 'थोडक्यात राहिले' एवढेच म्हणत असे. जिभेवर तेच आले होते.

"बावीस," मी म्हटले.

तो वळून उठून बसला. "मले तं सव्वीस हायेत!"