अहवालातील आकडा आणि सुप्त विषाणू

औषधोपचारानंतर हर्पिसच्या आयजीजी अहवालातील आकडा उतरला की रुग्ण सुखावतो, आणि आपणही. हे समाधान आम्हांस धोक्याचे वाटते. जननांगावरील हर्पिसचा विषाणू (त्यास विसर्प म्हणावे की उपदंश, हा वाद तूर्त बाजूस ठेवू) कण्याच्या तळाशी असलेल्या चेतापेशींत आजन्म सुप्त राहतो. रक्तातील प्रतिपिंडे झालेल्या संसर्गाची साक्ष देतात; विषाणू आज त्वचेवर स्रवत आहे की नाही, हे त्यांच्या मात्रेवरून ठरत नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात प्रतिपिंडे असलेल्या व्यक्तींच्या स्रावाचे नमुने रोज तपासले गेले. लक्षणे असलेल्यांत सुमारे २० टक्के दिवशी विषाणू आढळला. ज्यांना लक्षणे कधीच जाणवली नव्हती, त्यांच्यातही १० टक्के दिवशी.

अशा रुग्णास ‘रोग समूळ गेला’ असे आपण सांगितले आणि त्याची पत्नी गरोदर असली, तर? गर्भारपणाच्या अखेरीस तिला प्रथमच संसर्ग झाल्यास संरक्षक प्रतिपिंडे तयार होऊन बाळापर्यंत पोहोचण्यास अवधी उरत नाही. नवजाताचा हर्पिस विरळा, पण प्राणघातक ठरू शकतो. म्हणून पतीचा संसर्ग प्रसूतितज्ज्ञांस कळविणे आणि शेवटचे तीन महिने दांपत्याने समागम टाळणे, हे पुरळ नसतानाही आवश्यक आहे. औषधविक्रेत्या सभासदांनीही ‘आयजीजी निगेटिव्ह करणारे’ म्हणून कोणतेही औषध ग्राहकापुढे ठेवू नये.